तलवारीचे शिक्षण, महाराष्ट्रातील

तलवारीचे शिक्षण, महाराष्ट्रातील : ढाल-तलवार, पट्टा आणि त्यांच्या जोडीने येणारी लाठी, फरी-गदका, बोथाटी, विटा इ. साधने चालविण्याची विद्या तालमीत वस्तादाच्या हाताखाली शिकण्याची परंपरा. कोल्हापूर व त्याच्या आसपासच्या भागात ती ‘मर्दानी खेळ’ या नावाने आजही चालू आहे. युद्धविद्येला खेळ हे नाव अकारण पडलेले नाही. ज्या शस्त्रासाठी ही विद्या निर्माण झाली, ते शस्त्रच एकोणिसाव्या शतकात सामान्य माणसाच्या हातून गेले. त्यानंतर ती काठीच्या व प्रात्यक्षिकाच्या रूपाने टिकली. या स्थित्यंतरात तिचा कोणता भाग वाचला आणि कोणता गळाला, हा तिच्या इतिहासातील महत्त्वाचा प्रश्न होय.

शस्त्रे व त्यांची घडण : मराठ्यांच्या वापरातील तलवारींत वक्र पात्याची समशेर, रुंद पात्याचा तेगा, सरळ व लांब धोप, दुधारी खांडा असे अनेक प्रकार आढळतात. पोर्तुगीज व अन्य यूरोपीय व्यापाऱ्यांमार्फत आलेल्या पात्यांना देशी मूठ बसवून केलेल्या तलवारीस ‘फिरंग’ म्हणत. नागपूरचे पहिले रघूजी भोसले यांची म्हणून ओळखली जाणारी जी तलवार महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये लंडन येथील लिलावातून मिळविली, तिचेही पाते यूरोपीय आहे.

देशी तलवारीची मूठ आखूड असते व तिच्या शेवटी एक चकती असते. मुठीत हात घट्ट बसतो, पण मनगट फार वाकत नाही. त्यामुळे ही तलवार भोसकण्यापेक्षा ओढून कापण्यास अधिक सोयीची ठरते आणि तिचा वार मनगटापेक्षा खांद्यातून व कमरेतून निघतो. प्रतिपक्षाचा वार पात्यावर झेलण्याची पद्धत दुय्यम असून ते काम मुख्यतः ढालीकडे असते. तलवारीचे शिक्षण म्हणजे निम्मे ढालीचे शिक्षण, असे म्हटल्यास ते चूक ठरणार नाही. जिंजी येथे राजाराम महाराजांच्या काळात लिहिल्या गेलेल्या सभासद बखरीत सिंहगडच्या लढाईचे (१६७०) जे वर्णन आहे, त्यात तानाजी मालुसरे यांची ढाल तुटल्याचा व त्यांनी डाव्या हाताचीच ढाल केल्याचा उल्लेख येतो. ढाल गेल्यावर काय ओढवते, हे बखरकाराच्या वाचकांना वेगळे सांगावे लागत नसे.

पट्टा किंवा दांडपट्टा हे याच कुळातील, पण अगदी वेगळ्या स्वभावाचे शस्त्र. त्याचे सरळ, पातळ, लवचिक व बहुधा दुधारी पाते सु. १ मी. किंवा त्याहून अधिक लांब असते. मुठीला जोडलेले लोखंडी आवरण हात कोपरापर्यंत झाकते व आतील आडव्या दांडीवर मूठ आवळली जाते. अशा रीतीने पाते हाताचाच लांबविलेला भाग बनते आणि मनगटाची हालचाल जवळजवळ नाहीशी होते. साहजिकच पट्टेकऱ्याला सबंध देह फिरवावा लागतो. पट्ट्याच्या हातांत जी गिरकी दिसते ती शोभेसाठी नसून शस्त्राच्या या घडणीतूनच आलेली आहे. अनेकांनी घेरलेल्या एकट्या माणसाला आपल्याभोवती मोकळे वर्तुळ राखता यावे, हा तिचा मूळ हेतू होय. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने दांडपट्ट्यास राज्यशस्त्र म्हणून घोषित केले.

पूर्वपीठिका : भारतीय वाङ्‌मयात शस्त्रशिक्षणाची चर्चा धनुर्वेदाच्या अंगाने येते. अग्निपुराणातील धनुर्वेदविषयक भागात ढाल-तलवारीच्या भ्रांत, उद्‌भ्रांत, आविद्ध, आप्लुत इ. बत्तीस क्रिया नावांनिशी दिल्या आहेत. मात्र त्या कशा करावयाच्या याचे विवरण तेथे नाही, म्हणून नावे उरली आणि कृती लुप्त झाली. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास या बाराव्या शतकातील ग्रंथात राजाच्या विनोदांत शस्त्रविद्येला स्थान आहे. शस्त्रकौशल्य हे सभेत दाखवावयाचे असते, ही कल्पना म्हणजे काही अलीकडच्या मर्दानी खेळांनी काढलेली नवी गोष्ट नव्हे.

मराठेशाहीत या शिक्षणाची स्वतंत्र सरकारी व्यवस्था होती, असे दिसत नाही. शिलेदार स्वतःचा घोडा व स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीस येई. बारगिराला घोडा सरकारातून मिळे. दोघांनाही हत्यार चालविता येते हे गृहीतच धरलेले असे. ते घरात, गावात किंवा तालमीत शिकून यावयाचे. मावळातील आणि घाटमाथ्यावरील दाट झाडी, अरुंद खिंडी व गडांचे दरवाजे यांत लढाई पुष्कळदा हातघाईवर येई, आणि तेथे कवायतीपेक्षा एकेकट्याचे कसब कामी येई. प्रतापगडच्या प्रसंगात (१० नोव्हेंबर १६५९) सय्यद बंडाचा वार अडवून शिवाजी महाराजांचे प्राण वाचविणाऱ्या जिवा महाला याचे नाव ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ या म्हणीत राहिले आहे. असे पट्टेकरी कोणाकडे शिकले, हे मात्र बखरकार सांगत नाहीत. राज्याला या विद्येचे ग्रंथ लिहवून घेण्याची निकड कधी भासली नाही. ती शिकविणारी माणसे गावोगाव असताना भासण्याचे कारणही नव्हते.

तालीम व वस्ताद : ‘तालीम’ हा मूळचा अरबी शब्द असून त्याचा अर्थच शिक्षण असा आहे. ‘वस्ताद’ हे फार्सी ‘उस्ताद’चे मराठी रूप. महाराष्ट्रातील तालीम मारुतीच्या देवळाला लागून असते आणि तिची परिभाषा अरबी-फार्सी असते, ही गोष्ट या विद्येच्या मिश्र वंशाची साक्ष देणारी आहे. कुस्तीचा हौद व शस्त्रांचे शिक्षण ही दोन्ही पुष्कळदा एकाच तालमीत चालत आणि जोर, बैठका व सूर्यनमस्कार हा दोहोंचा समान पाया असे. [→ मल्लविद्या].

शिक्षणाचा क्रम स्थूलमानाने पुढीलप्रमाणे असतो : नवशिक्याच्या हाती प्रथम शस्त्र दिले जात नाही. आधी पाय शिकवितात. शरीराचा भार कोणत्या पायावर, पुढचा पाय कोठे, वळताना टाच उचलावी की चवडा, हे बसेपर्यंत हात रिकामेच राहतात. या उभे राहण्याच्या ढबीला पवित्रा म्हणतात. त्यानंतर लाठी येते. ती एका हाताने, मग दुसऱ्या हाताने, मग दोन्ही हातांनी, डोक्यावरून, बगलेतून व पायांखालून फिरविण्याचा सराव होतो. डावा हात उजव्याइतका चालेपर्यंत चांगला वस्ताद पुढचा पाठ देत नाही. लाठीनंतर फरी-गदका, बोथाटी, विटा आणि शेवटी पट्टा असा हा प्रवास असतो. तालमीपरत्वे त्यात फरक पडतो. बोथाटी म्हणजे टोकाशी बोथट गोळा बसविलेला सरावाचा भाला. विट्याला दोरी बांधलेली असते. तो फेकून पुन्हा हाताशी ओढून घेता येतो.

यांपैकी फरी-गदका हा प्रकार या लेखाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. गदका म्हणजे चामडे मढविलेली काठी व फरी म्हणजे लहान ढाल. दोघे शिष्य समोरासमोर उभे राहून या साधनांनी खरोखरीची झुंज खेळतात. समोरच्याची नजर वाचणे, हूल देऊन त्याची ढाल एकीकडे न्यावयाची व वार दुसरीकडे करावयाचा, अंतर राखणे, घाई न करणे या गोष्टी एकट्याने पट्टा फिरवून येत नाहीत. त्यांसाठी प्रतिस्पर्धी लागतो आणि मार खावा लागतो. लाठी व पट्टा यांच्या सरावातून देह तयार होतो, पण तलवारबाज तयार होतो तो फरी-गदक्यात.

पट्ट्याच्या शिक्षणाचा शेवट लिंबू कापण्याच्या कसोटीने होतो. जमिनीवर ठेवलेले, मग माणसाच्या तळहातावर वा डोक्यावर ठेवलेले लिंबू धावत्या पट्ट्याने दुभंगावयाचे असते. यात नेमका वार करण्यापेक्षा नेमका वार थांबविणे अवघड असते, आणि पाहणाऱ्यांचा श्वास रोखला जातो तो त्यामुळेच. कोल्हापूर भागात या खेळांना हलगी, घुमके व कैताळ यांची साथ असते. वादनाची लय चढत जाते तसे हातही चढत जातात. अश्विन शुद्ध नवमीस, म्हणजे खंडेनवमीस, तालमीतील शस्त्रांची पूजा होते. खांडा या शस्त्राचे नावच त्या तिथीला मिळाले आहे.

या विद्येचा एक मोठा कोश मराठी भाषेतच दडलेला आहे. पवित्रा घेणे व बदलणे, हूल देणे, हातघाईवर येणे, ढाल पुढे करणे, तलवार म्यान करणे, तोंडाचा पट्टा सोडणे हे वाक्प्रचार रोजच्या बोलण्यात येतात. ते वापरणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी पट्टा हाती धरलेला असतो.

निःशस्त्रीकरण : पेशवाईच्या अखेरीस (१८१८) सैन्यातील हजारो माणसे बेकार झाली व त्यांच्यापैकी काहींनी तालमी चालविल्या. पुण्यात लहुजी साळवे (१७९४–१८८१) यांची तालीम त्या काळी नावाजलेली होती. लहुजी हे मांग समाजातील. त्यांच्याकडे निरनिराळ्या जातींची मुले दांडपट्टा, नेमबाजी व कुस्ती शिकत असत. जोतीराव फुले हे त्यांपैकी एक. ज्या शहरात अस्पृश्याच्या सावलीचाही विटाळ मानला गेला होता, तेथे मांग वस्तादाच्या पायाला हात लावून इतर जातींच्या मुलांनी शस्त्रविद्या शिकावी, ही गोष्ट पुढील काळातील सामाजिक चळवळींच्या दृष्टीने लहान नव्हे. जोतीरावांच्या शाळेला लहुजींचे पाठबळ होते, आणि १८५५ मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिणारी मुक्ता साळवे ही त्यांची पुतणी होय. वासुदेव बळवंत फडके (१८४५–८३) यांचेही नाव लहुजींच्या शिष्यांत परंपरेने घेतले जाते.

कोल्हापूर संस्थानात १८४४ मध्ये गडकऱ्यांचे बंड झाले आणि ते मोडल्यावर इंग्रजांनी गडांवरील जुनी व्यवस्था संपुष्टात आणली. १८५७ च्या उठावानंतर हत्यारे जप्त करण्याची मोहीम देशभर झाली. १८७८ च्या शस्त्र कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात परवान्याशिवाय हत्यार बाळगणे गुन्हा ठरला. यूरोपियनांना मात्र त्यातून सूट होती. या कायद्याने कोणाही वस्तादाला शिकविण्याची मनाई केली नाही. तथापि ज्या विद्येतील शेवटचा धडा धारेच्या हत्याराचा, तिचा तो धडाच सामान्य तालमीपुरता बंद झाला. पुढच्या पिढीचा शागीर्द लाठीपर्यंत जाई, फार तर बोथट पट्ट्यापर्यंत. धारेचे पाते कापते कसे, मांसाला अडकते कसे आणि अडकल्यावर कसे सोडवावयाचे, हे सांगणारी माणसे एकेक करून कमी झाली. स्वातंत्र्यानंतरच्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमानेही तलवार परवान्याच्या कक्षेतच ठेवली. त्याखालील नियमांनुसार ९ इंचांहून लांब वा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारे शस्त्रांत मोडतात. घरगुती, शेतीच्या व उद्योगाच्या साधनांचा तेवढा अपवाद आहे.

ही परंपरा कोल्हापूर व बडोदे येथेच अधिक भरभराटीस आली, याचे एक कारण या ठिकाणी शोधावे लागते. दोन्ही मराठी संस्थाने होती, त्यांचे दरबार टिकून होते आणि दसऱ्याच्या स्वारीत, उत्सवात व पाहुण्यांपुढे शस्त्रांची प्रात्यक्षिके होत असत. शाहू महाराजांनी (राज्यकाल १८९४–१९२२) कोल्हापुरात मल्लविद्येला जो आश्रय दिला, त्याचा लाभ तालमींना एकूणच झाला. परंतु दरबारचा आश्रय हा प्रेक्षकाचा आश्रय असतो. त्याला डोळ्यांत भरणारे हात हवे असतात. दोन खेळाडूंची फरी-गदक्याची सावध व संथ झुंज त्याला कंटाळवाणी वाटते, तर चार लाठ्यांमधून सुटणारा एकटा पट्टेकरी त्याच्या ध्यानात राहतो. विद्येचा तोल प्रात्यक्षिकाकडे झुकला त्याचे बरेचसे श्रेय, आणि दोषही, या प्रेक्षकाकडे जातो.

मराठवाडा : जालना जिल्ह्याचा प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात मोडत होता, १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यापासून तो वेगळा झाला. तलवारीच्या इतिहासात या प्रदेशाचे स्थान मोठे आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असई येथे शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजेचा आर्थर वेलस्लीने पराभव केला. शिंद्यांची भिस्त त्या दिवशी तोफखान्यावर व पोलमन या यूरोपीय अधिकाऱ्याने कवायत दिलेल्या पलटणींवर होती. उलट लढाईतील निर्णायक घोडदळी चढाया तलवार उपसून केल्या त्या इंग्रजांच्या ड्रॅगून स्वारांनी. त्यांचा सेनानी मॅक्सवेल तेथेच पडला. बंदुकीमुळे तलवार निरुपयोगी झाली हे सरसकट विधान म्हणूनच सावधपणे करावयास हवे. तलवार पुढेही अर्धशतक चालली, पण ती कवायती रिसाल्याची तलवार होती.

निजामाच्या अनियमित घोडदळासंबंधी एक प्रसिद्ध हकीकत इंग्रज रिसाल्यातील कॅप्टन लुई नोलन याने घोडदळावरील आपल्या १८५३ च्या ग्रंथात दिली आहे. या स्वारांनी एका चकमकीत बंडखोरांवर केलेले वार अतिशय भयंकर होते. नोलनने चौकशी केली तेव्हा त्याला आढळले, की त्यांच्या तलवारी म्हणजे इंग्रज ड्रॅगूनांची टाकून दिलेली जुनी पाती होती. ती देशी मुठींत बसवून धार लावलेली होती आणि लाकडी म्यानांत ठेवलेली होती. इंग्रज शिपाई तीच पाती लोखंडी म्यानात घालून बोथट करीत असे. हात-पाय तुटेल असा वार करावयास तुम्ही कसे शिकविता, असे त्याने एका जुन्या स्वाराला विचारले. त्यावर असे काही शिकवावे लागत नाही, धारदार तलवार कोणाच्याही हातात कापते, अशा आशयाचे उत्तर त्याला मिळाले. नोलन स्वतः पुढच्याच वर्षी बालाक्लाव्हा येथे मारला गेला. त्याने नोंदविलेले हे उत्तर मात्र शस्त्रविद्येच्या चर्चेत अजूनही वारंवार येते.

या उत्तराचा अर्थ शिक्षण अनावश्यक होते असा घेणे योग्य नाही. बसण्याइतपत वयापासून घोड्यावर वाढलेल्या माणसाला तोल व पकड ही शिकलेली गोष्ट वाटतच नाही. शिवाय कापणे हा तलवारबाजीतील सर्वांत सोपा भाग होय. न कापले जाणे हा अवघड. तालमीतील पवित्रे, ढालीचे हात व फरी-गदक्याची झुंज या साऱ्यांचा रोख दुसऱ्या गोष्टीकडे असे. जुन्या स्वाराचे उत्तर एका बाबतीत मात्र बोलके आहे. धार, म्यान व हत्याराची निगा हे विद्येचे अंग तो जाणत होता. हत्यारबंदीनंतरच्या तालमीत पहिला लोप झाला तो याच अंगाचा.

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात कुंभार पिंपळगाव व जांब ही गावे आहेत. त्यांपैकी जांब हे समर्थ रामदासांचे (जन्म १६०८) जन्मगाव होय. बलोपासना व मारुतीची उपासना यांची सांगड घालण्याचे जे कार्य त्यांच्या नावाशी जोडले जाते, ते मुख्यतः कृष्णाकाठी, आजच्या सातारा-सांगली-कोल्हापूर भागात झाले. त्यांच्या जन्मप्रदेशात तालमींची शस्त्रपरंपरा कोल्हापूरसारखी संघटित स्वरूपात उभी राहिली नाही. गावोगावच्या मारुतीपुढील तालमी येथेही होत्या. पण मराठी दरबाराचा आधार नव्हता. मोहरमच्या व दसऱ्याच्या मिरवणुकीत लाठी-पट्टा खेळण्याची चाल हिंदू व मुसलमान दोघांतही होती. १९३०–४० च्या दशकांत आर्य समाजाच्या आखाड्यांतून लाठीचे शिक्षण दिले गेले. त्याला तत्कालीन राजकीय तणावाची पार्श्वभूमी होती आणि त्याचे उद्दिष्ट शस्त्रविद्या जतन करणे हे नव्हते.

नवी संघटना व ग्रंथ : विसाव्या शतकाच्या आरंभी व्यायामाला राष्ट्रीय चळवळीचे अंग मानले जाऊ लागले. बडोद्यात जुम्मादादा या मुसलमान वस्तादांचे शिष्य माणिकराव (१८७८–१९५४) यांनी गुरूच्या नावाचे व्यायाममंदिर वाढविले आणि हिंदी आज्ञांवर चालणाऱ्या संघव्यायामाचा प्रसार केला. अमरावतीस वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये स्थापन केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी १९२४ मध्ये महाराष्ट्रीय मंडळ काढले. या संस्थांमुळे लाठी शेकडो मुलांपर्यंत एका वेळी पोहोचली. एका आज्ञेवर शंभर लाठ्या फिरणे हे दृश्य मोठे परिणामकारक असते. पण वस्ताद शिष्याचा पवित्रा हाताने धरून दुरुस्त करतो, ते शंभरांच्या रांगेत शक्य नसते.

याच काळात बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण करंदीकर मुजुमदार यांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड (१९३६–४९) प्रसिद्ध केले. मौखिक परंपरेतील व्यायामप्रकार व शस्त्रप्रकार चित्रांनिशी कागदावर उतरविण्याचा मराठीतील हा सर्वांत मोठा प्रयत्न होय. मात्र तो झाला तेव्हा ही विद्या रणांगणावरून उतरून शंभराहून अधिक वर्षे लोटली होती. त्यात नोंदले गेले ते त्या काळच्या तालमीत जिवंत असलेले रूप.

कोरियातील उदाहरण : शस्त्रविद्येची नोंद वेळीच झाली असती तर काय घडले असते, याचा अंदाज कोरियाच्या इतिहासावरून करता येतो. १५९२–९८ मधील जपानी स्वाऱ्यांत लांब तलवारीने हातघाईची लढाई करणाऱ्या जपान्यांपुढे कोरियन पायदळ टिकेना. तेव्हा चिनी सेनानी छी जीग्वांग याच्या ग्रंथाच्या आधारे हान ग्यो याने सहा शस्त्रांची पुस्तिका तयार केली (१५९८). १७५९ मध्ये ती वाढवून अठरा प्रकारांची झाली. राजा जोंगजो याच्या आज्ञेने यी दॉकमू, पाक जेगा व बेक दोंगसू यांनी १७९० मध्ये मुये दोबो थोंगजी हा चोवीस प्रकारांचा सचित्र ग्रंथ सिद्ध केला. पैकी सहा प्रकार घोड्यावरचे आहेत. पहिले दोघे विद्वान ग्रंथकार आणि तिसरा शस्त्रधारी लष्करी माणूस, ही निवड फार विचारपूर्वक केलेली दिसते. प्रत्येक पवित्र्याचे चित्र, त्याचे नाव व पुढच्या हालचालीचा क्रम त्यात आहे. शिपायांना वाचता यावे म्हणून सोप्या कोरियन लिपीतील स्वतंत्र भागही जोडला आहे. शत्रूची जपानी तलवारविद्याही त्यात प्रांजळपणे समाविष्ट आहे. ती किम चेगॉन याने जपानला जाऊन मिळविली होती, आणि दोघांनी समोरासमोर खेळावयाची झुंजही त्याच्याच परंपरेतून आली.

इतके असूनही शिक्षणाची साखळी कोरियात तुटली. १९०७ मध्ये जपानच्या दडपणाखाली कोरियन सैन्य बरखास्त झाले. जपानी अमलात (१९१०–४५) पोलीस व शाळा यांतून जपानी पद्धतीची बांबूच्या तलवारीची झुंज शिकविली गेली आणि तीच स्वातंत्र्यानंतर कुम्दो या नावाने कोरियाचा खेळ म्हणून राहिली. १९८० नंतर प्राचीन कोरियन तलवारविद्या म्हणून पुढे आलेली हेदोंग कुम्दो ही पद्धती प्रत्यक्षात अर्वाचीन आहे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तिच्या शाळांत लाकडी तलवारीचे ठराविक क्रम व गवताच्या जुड्या कापण्याची कसोटी असते. सूवॉन येथील जुन्या तटबंदीत १७९० च्या ग्रंथातील चोवीस प्रकारांची प्रात्यक्षिके केली जातात. ती चित्रांवरून व वर्णनांवरून पुन्हा उभी केलेली आहेत. दोन चित्रांच्या मध्ये देह कसा फिरतो, हे कोणत्याही पुस्तकात सापडत नाही. ते पुनर्रचना करणाऱ्याला स्वतः ठरवावे लागले. हा ग्रंथ २०१७ मध्ये उत्तर कोरियाच्या प्रस्तावावरून यूनेस्कोच्या जागतिक स्मृतिसूचीत समाविष्ट झाला.

महाराष्ट्रात याच्या उलट स्थिती आहे. दोन पवित्र्यांच्या मधला देह येथे वस्तादाकडून शिष्याकडे अखंड आला. परंतु कोणता हात मुळात ढालीबरोबर वापरावयाचा होता, कोणता घोड्यावरून व कोणता केवळ हलगीच्या साथीवर पुढे वाढला, हे ताडून पाहण्यास जुना लेख नाही. कोरियन अभ्यासकाजवळ पुरावा आहे पण गुरू नाही. मराठी अभ्यासकाला गुरू भेटतो, आणि त्याच्या शब्दावाचून पडताळ्याचे दुसरे साधन त्याच्याजवळ नसते.

सद्यःस्थिती : कोल्हापुरातील तालमी व मंडळे शिवजयंती, दसरा व सार्वजनिक उत्सव या प्रसंगी मर्दानी खेळांची प्रात्यक्षिके करतात, त्यांत मुलींचा सहभागही आहे. क्रीडाक्षेत्रात ‘तलवारबाजी’ या शब्दाचा अर्थ मात्र बदलला आहे. फॉइल, एपे व सेबर या यूरोपीय तलवारींच्या ऑलिंपिक खेळास मराठीत तेच नाव मिळाले आहे. छत्रपती संभाजीनगर येथील भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात त्याचे शिक्षण दिले जाते, आणि जालना जिल्ह्यातील मुलास आज शासकीय सोयीनिशी तलवार शिकावयाची झाल्यास जवळचा मार्ग हाच आहे. खेलो इंडिया युवा स्पर्धांच्या जून २०२२ मध्ये पंचकुला येथे झालेल्या सत्रात देशी खेळांपैकी गटका, थांग-ता, कलारीपयट्टू, मल्लखांब व योगासने यांचा समावेश झाला. मर्दानी खेळ त्यांत नव्हते. स्पर्धेसाठी समान नियम, गुणांकन व दोघांची झुंज लागते. पंजाबातील गटक्यात काठी व लहान ढाल यांची झुंज हा स्पर्धेचा गाभा आहे, आणि महाराष्ट्रातील फरी-गदका हा त्याचाच जवळचा नातलग होय. मर्दानी खेळांच्या प्रात्यक्षिकांत त्याला मिळणारी जागा पट्टा व लाठी यांच्या मानाने अजूनही लहान आहे.